टेबलकाका

जिना उतरताना आमच्या सोसायटीत टेबलकाकांइतकं जपून पाऊल कुणी टाकत नाही. खाली कुणाची तरी मोजणी चालली असावी, अशा बेतानं ते उतरतात.

काकांची नोकरी रेट टेबलवर. विमानांतले, रॉकेटांतले जायरो तपासायचं हे गोल फिरणारं टेबल. त्याला सांगायचं, सेकंदाला दहा अंश फिर. ते इमानानं दहाच फिरतं. मग वर बसवलेल्या जायरोला विचारायचं, बाबा रे, किती फिरलास? दोघांच्या उत्तरांतला फरक शोधण्याचा काकांना पगार मिळतो. हे टेबल इमारतीच्या फरशीवर नसतं. त्याला स्वतंत्र काँक्रीटचा चौथरा, भोवती फट. कॅन्टीनकडे निघालेल्यांची पावलं त्याला कळता कामा नयेत. नाजूक मोजण्या रात्री, रस्त्यावरचे ट्रक कमी झाल्यावर. त्यामुळे काकूंच्या वाट्याला काका दिवसा येतात, तेही झोपलेले. तिरुवनंतपुरमच्या वट्टियूरकावूला इस्रोची जडत्व प्रणालींची संस्था आहे. तिचं नाव ते पंढरपूरसारखं घेतात.

तोंडी वाक्यं दोनच. "हात लावू नकोस" आणि "आधी शून्य बघू."

पोरांनी कॅरम मांडला की काका स्पिरिट लेव्हल घेऊन हजर. कागदाच्या घड्या या पायाखाली, मग त्या पायाखाली. बोर्ड सपाट होतो तेव्हा पोरांना जेवायला हाका सुरू झालेल्या असतात. मी नवा मोबाइल घेतला, तर त्यांनी तो सहाही बाजूंवर उभा-आडवा ठेवून पाहिला. "उताणा ठेवला की यातला सेन्सर गुरुत्वाकर्षण ९.८ दाखवतो, तर पालथा उणे ९.८ दाखवायला हवा. दोन्हींची बेरीज करून निम्मी कर. जे उरेल, तेवढा हा खोटारडा." मला फक्त फोटो काढायचे होते.

गणपतीत मखरामागचं चक्र एका जागी अडखळतं, हे त्यांच्याशिवाय कुणाला दिसलं नव्हतं. आरती चालू असताना त्यांनी स्टॉपवॉच लावलं, हलक्या बाजूला पाच रुपयांचं नाणं चिकटवलं. चक्र एकसारखं फिरू लागलं, हे मात्र कबूल करायला हवं. आणि जायरो तासाला अंशभर जरी चुकला, तरी तासानं विमानाची दिशा अंशभर ढळते आणि पुढच्या साठ किलोमीटरमध्ये ते किलोमीटरभर बाजूला जातं, हे कळल्यापासून मीही त्यांना फारसं हसत नाही.

काकू हसतात. "सुट्टीच्या दिवशी नुसते ढिम्म बसून असता," असं परवा त्या म्हणाल्या.

"बसलोय कुठे? पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. पुण्याच्या अक्षांशावर, उभ्या अक्षाभोवती त्यातले पावणेपाच येतात. चांगला जायरो ते बरोबर पकडतो."

"मग फिरताच आहात, तर दळण घेऊन या."

काका गेले. गिरणीत डबा ठेवण्याआधी त्यांनी काट्याचं शून्य बघितलं. तेव्हापासून गिरणीवाला आमच्या सोसायटीला दळण घरपोच देतो.