हेक्स एडिटर कसा निवडावा: नवशिक्यांसाठी सोळा आणे मार्गदर्शन

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. त्यांत जुने जपानी गेम मराठीत आणायला निघालेला माणूस, माझ्या ओळखीत, एकच. आणि त्याची दाढी मी रोज सकाळी आरशात बघून करतो. तरी मार्गदर्शिका म्हटली की ‘नवशिक्यांनी’, ‘वाचकांनी’ असं अनेकवचन वापरायची रीत आहे. शिवाय मोताळ्यात किंवा संग्रामपुरात कोणी घरच्यांपासून लपून हेच करत असेल, तर त्याची दोन-चार वर्षं तरी वाचतील.

पात्रता सोपी आहे. लहानपणी टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारलेली असावी. ‘९९९९ गेम’ असं छापलेल्या त्या कॅसेटमध्ये खरे गेम बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, तरी तक्रार केलेली नसावी. आणि एखाद्या गेममध्ये जपानी अक्षरांची पाटी आली, की सापडेल ते बटण दाबून पुढं गेलेलं असावं. आपला तो टीव्ही गेम म्हणजे जपानात १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. ती पाटी नेमकं काय म्हणत होती, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं. ते आता विचारायचं आहे.

साहित्य

संगणक एक, जुना चालेल. स्वतःच्या मालकीच्या गेमची प्रत एक. दोनशे पानी वही एक. आजोबा एक, १९५७ च्या आधी हिशेब शिकलेले. शेगावची कचोरी गरजेप्रमाणे. मात्र त्या बोटांनी कळफलकाला हात लावू नये.

पायरी पहिली: आधी आकडे, मग अवजार

कोणतीही फाइल एरवी नटूनथटून समोर येते. फोटो फोटोसारखा दिसतो, पत्र पत्रासारखं. हेक्स एडिटर तिला माजघरात जाऊन गाठतो. तिथं नुसते आकड्यांचे जोड असतात, एका ओळीत सोळा. त्यातही मधेच ए, बी, सी अशी अक्षरं घुसलेली. नवशिक्या इथंच हाय खातो. मीही खाल्ली होती. तेवढ्यात मागून आबा, म्हणजे साहित्याच्या यादीतले आजोबा, आले.

“काय करू रायला रे?”

“आबा, हे सोळाच्या पटीतले आकडे आहेत. नऊनंतर ए म्हणजे दहा, असं करत एफ म्हणजे पंधरा. सोळा झाले की डावीकडे एक वाढतो.”

आबांनी चष्मा वर सरकवला. “मंग हे आणे हायेत. सोळा आण्याचा रुपया. याच्यासाठी कम्प्युटर कायले पायजे?”

हीच या मार्गदर्शिकेतली सर्वांत मोलाची सूचना: डावा आकडा रुपये, उजवा आणे. फॅमिकॉमच्या गेमची फाइल आय-नेस नावाच्या साच्यात ठेवतात आणि तिची सुरुवात ४ई ४५ ५३ १ए अशी होते. ४ई म्हणजे चार रुपये चौदा आणे. चार सोळे चौसष्ट आणि चौदा, अठ्ठ्याहत्तर आणे झाले. संगणकाच्या इंग्रजी वर्णमालेत तो एन. पुढं चार रुपये पाच आणे तो ई, पाच रुपये तीन आणे तो एस. झालं ‘नेस’. एका घरात, म्हणजे एका जोडात, जास्तीत जास्त एफएफ मावतात, म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, म्हणजे २५५. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, सरकारची आणेवारी पैसेवारी झाली, तरी आमच्याकडं कोरडं वर्ष आलं की माणसं ‘आणेवारी किती लागली’ असंच विचारतात. अशा जिल्ह्याला हेक्स अवघड जायचं कारण नाही.

पायरी दुसरी: बाजार फिरा, पण मुक्काम करू नका

आता बैलबाजारात गेल्यासारखं एडिटर बघत हिंडा. एचएक्सडी: विंडोजवर चालतो, फुकट, गरीब स्वभावाचा. आयमहेक्स: हाही फुकट, पण शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, इतक्या खिडक्या उघडतो की मूळ फाइल शोधावी लागते. विंडहेक्स: जुना, वयस्क, पण याच कामावर घासलेला. ०१० एडिटर: पैसे मोजून घ्यायचा. एक्सएक्सडी: लिनक्सवाल्यांच्या दावणीला विमसोबत आपोआप येतो, त्याला तोंड नाही, फक्त आज्ञा ऐकतो.

सावधान. या पायरीवर मी दोन पावसाळे काढले. सहा एडिटर बसवले, प्रत्येकाचा रंग काळा केला, अक्षर मोठं केलं, पुन्हा लहान केलं, कोणता चांगला याचा तक्ता वहीत आखला. गेममधला एक शब्दही मराठीत आला नाही, पण काम चालू आहे असं सगळ्यांना सांगता येत होतं. पेरणी टाळायची असेल तर तिफण बदलत राहणं हा सर्वांत प्रतिष्ठित उपाय आहे.

बैलाचे दात मोजतात तसे एडिटरचे फक्त तीन मोजा: टेबल फाइल वाचतो का, फाइल न लांबवता लिहितो का, सापेक्ष शोध घेतो का. तिन्हींचा अर्थ पुढच्या पायऱ्यांत कळेल. बाकी झूल.

पायरी तिसरी: टेबल, अर्थात कृतीदेव

‘शिफ्ट-जिस’ ही जपानी लिपीची संगणकी पद्धत ज्या एडिटरला येते, तोच घ्यावा, असा नवशिक्याचा समज असतो. फॅमिकॉमच्या गेमना शिफ्ट-जिसशी देणंघेणं नव्हतं. प्रत्येक गेमने आपापल्या अक्षरांना आपल्या मर्जीने क्रमांक दिले. एकात ‘आ’ला दहावा, दुसऱ्यात ऐंशीवा.

हा प्रकार परका वाटत असेल, तर गावातल्या डीटीपीच्या दुकानात जा. तिथं अर्धं आयुष्य कृतीदेव फाँटमध्ये गेलेलं असतं. त्यात ‘मराठी’ लिहायचं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच दाबायचे. पडद्यावर मराठी दिसतं, फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. फाँट नसलेल्या संगणकावर लग्नपत्रिका उघडली, की नवरदेवाच्या जागी त्या अक्षरांचा चिवडा. दुकानदाराच्या डोक्यात जी यादी पाठ असते, की डी म्हणजे क, ई म्हणजे म, तीच एका साध्या फाइलमध्ये लिहून एडिटरला दिली की तिला टेबल म्हणतात. आयमहेक्स आणि विंडहेक्स ती वाचतात आणि आकड्यांशेजारी अक्षरं दाखवतात. एचएक्सडीतच काम करायचं तर यादी वहीत ठेवा आणि बोट फिरवत वाचा.

पायरी चौथी: बाराखडीने शोधा

टेबल भरायचं तर गेमने कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक दिलाय, ते आधी हुडकलं पाहिजे. इथं सापेक्ष शोध लागतो, आणि इथं आपलं पारडं जड आहे. जपानी अक्षरमालेचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. ओळखीचा वाटला ना? हा क्रम संस्कृत वर्णमालेवरूनच, बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासातून तिकडं गेला. आपल्या शाळेच्या भिंतीवरचा तक्ता थोडा आटवून टोकियोत टांगलाय, एवढंच.

आता ‘साकुरा’ घ्या. त्या क्रमात ‘सा’ अकरावा, ‘कु’ आठवा, ‘रा’ एकोणचाळिसावा. गेमने सुरुवात कुठूनही केलेली असो, अक्षरं ओळीने लावली असतील तर अंतर तेच राहणार: तीन मागं, मग एकतीस पुढं. एडिटरला सांगायचं, असं अंतर असलेले लागोपाठ तीन आकडे शोध. सापडले की एका शब्दावरून अख्खा तक्ता उलगडतो. भेंडवळला अक्षय तृतीयेच्या घटमांडणीत धान्याचे दाणे कुठं सरकले यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. आपलं काम त्याहून सोपं आहे. आपले दाणे रात्रीतून सरकत नाहीत.

पायरी पाचवी: बांध कोरू नका

एडिटरमध्ये लिहिण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत जुन्या आकड्यावर नवा बसतो. दुसरीत नवा आकडा मधे घुसतो आणि पुढचे सगळे एकेक घर सरकतात. दुसरीला हातही लावू नका. आपल्याकडं शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरला तर तीन पिढ्या तारखा चालतात. गेममध्ये एक घर सरकलं तर निकाल तिथल्या तिथं: पडदा काळा. फाइलचा आकार बदलू लागला की एचएक्सडी तसं बजावतो. हा त्याचा मोठा गुण.

पडदा काळा पडतो, कारण कोणतं वाक्य कुठं सुरू होतं याचा सातबारा गेमने दुसरीकडं लिहून ठेवलेला असतो. त्याला पॉइंटर म्हणतात. वाक्य हलवलंत तर सातबाराही दुरुस्त करावा लागतो, आणि तो उलटा लिहिलेला असतो: ८०४५ हा पत्ता ४५ ८० असा सापडतो. पाकिटावर आपण आधी घर नंबर आणि मग गाव लिहितो, तसं समजा.

पायरी सहावी: अक्षरं कोरा

पडद्यावरचं प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन. तो सोळा घरांत मावतो. आबांच्या भाषेत, चौकोनाचा एक रुपया. पाटी आणि मागचं चित्र यांसाठी असे चौकोन एका वेळी २५६, आणि त्यांतच काय ते ढगही बसवायचे. आपली बाराखडी छत्तीस व्यंजनांची धरली तर छत्तीस गुणिले बारा, ४३२. मावत नाही. म्हणून व्यंजन वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची, कृतीदेववाले ती आधी टंकतात तशी.

अनुस्वार आणि मात्रा कुठं ठेवायच्या, याची सोय काही गेममध्ये जपान्यांनीच करून ठेवली आहे. ‘का’चा ‘गा’ करायला ते डोक्यावर दोन बारीक रेघा देतात. फॅमिकॉमच्या बऱ्याच गेमनी त्या रेघांसाठी अक्षराच्या वरची ओळ मोकळी सोडली. बांधलेला माळा आहे, त्यावर आपला अनुस्वार चढवा. उकाराने तळघर मागितलं तर त्याला समजावून सांगा.

एवढं सगळं किती जागेत, तर पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. रोज पहाटे काकांकडून येणारा गुलाबाचा ‘शुभ सकाळ’ फोटो बहुधा त्याहून जड असतो.

पायरी सातवी: पहिला शब्द

प्रत्येक बदलाआधी फाइलची प्रत ठेवा. झालेलं काम कोणाला द्यायचं तर गेम देऊ नका, तो आपला नाही. फक्त बदलांची पॅच फाइल द्या.

आता खरं काम. गेममध्ये एक म्हातारा काहीतरी विचारतो आणि खाली दोन उत्तरं असतात: हाइ आणि इइए. पहिल्याला दोन चौकोन, दुसऱ्याला तीन. ‘हाइ’ म्हणजे हो. ह आणि काना-मात्रा, दोन चौकोन, चपखल. दोन पावसाळ्यांनंतर पडद्यावर ‘हो’ उमटलं आणि मी घरभर हिंडून आलो.

मग ‘नाही’. न, काना, ह, वेलांटी. चार. जागा तीन. ‘ना’ एकाच चौकोनात दाबून बघितला, तो झाडासारखा दिसला. वेलांटी ‘ह’वर चढवली, तर ठिपक्यांचा चिखल झाला. नुसतं ‘ना’ ठेवावं, तर म्हाताऱ्याशी लाडात बोलल्यासारखं. सातबारा दुरुस्त करून जागा वाढवावी, की त्यासाठी सातवा एडिटर बसवावा, या विचारात बसलो होतो.

आबांना अडचण सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं.

“आपल्या इकडं नाही कोन म्हन्ते रे? नाई म्हन.”

न, काना, ई. तीन.

त्या रात्री जपानी म्हाताऱ्याला मी वऱ्हाडीत नकार दिला आणि त्याने तो मुकाट्याने ऐकला. हे कोणत्या एडिटरमध्ये केलं, असं नवशिके विचारतील. खरं सांगू? आठवत नाई.