बॉडमिनचा सोवळा बिबट्या

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन मूर नावाचं ओसाड माळरान आहे. तिथे एक थोरलं काळं मांजर वावरतं, असं गावकरी कित्येक दशकं सांगत आले आहेत. हा जीव भलताच सोवळा दिसतो. तो मोटारीखाली येत नाही, म्हातारा होऊन मरत नाही, आणि शास्त्रज्ञाच्या हाती लागेल अशा जागी शी तर मुळीच करत नाही. 1995 साली सरकारच्या कृषी खात्याने त्याची रीतसर चौकशी केली. फोटोंतल्या जागी मापाची पट्टी उभी केल्यावर काही 'श्वापदं' घरच्या मांजराएवढी भरली. अहवालाने निकाल दिला, की पुरावा नाही. पण प्राणी नाहीच, असंही सिद्ध करता येत नाही. खात्याची फाईल जगात कुठेही याच भाषेत बंद होते. पुढे काही दिवसांतच फॉय नदीत बिबट्याची कवटी सापडली आणि भक्तांना भरतं आलं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने ती तपासली. कवटी खऱ्या बिबट्याचीच होती, फक्त तिच्यात उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांची पिशवी होती आणि मागची बाजू कापलेली होती. म्हणजे साहेब कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या गालिच्यावरून उठून नदीपर्यंत आले होते.

भक्तांचं म्हणणं असं, की 1976 साली हिंस्र प्राणी पाळायला परवाना सक्तीचा झाला, तेव्हा हौशी श्रीमंतांनी आपले बिबटे नि प्यूमा रानात सोडून दिले. काहींनी सोडलेही असतील. पण बिबट्याने पिंजऱ्यात बसून खाल्लं तरी विशी ओलांडली की पुष्कळ झालं. तेव्हा आज दिसतात ते त्यांचे नातू-पणतू असणार, आणि एवढ्या गोतावळ्यातलं एकही मढं हाती लागू नये? 1980 साली स्कॉटलंडमध्ये कॅनिकजवळ एक प्यूमा खरोखर पकडली गेली. ती चांगली माणसाळलेली निघाली, प्राणिसंग्रहालयात राहिली, मेली, आणि पेंढा भरून इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात उभी राहिली. खऱ्या जनावराची अशी सगळी नोंद लागते.

'बिबट्या लपण्यात पटाईत असतो,' हा दुसरा आक्षेप. मान्य, आणि ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक? अकोले गावाभोवतीच्या शेतीच्या पट्ट्यात ना दाट जंगल ना अभयारण्य. तरी तिथल्या उसात नि वस्त्यांच्या कडेने दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे राहतात, असं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. गावकऱ्यांना ते क्वचितच दिसायचे, कॅमेऱ्यांना मात्र दिसले. शिवाय आपला बिबट्या चिखलात ठसे सोडतो, हमरस्त्यावर गाडीखाली येतो, विहिरीत पडून वनखात्याला रात्रभर जागवतो. बॉडमिनचा एकदाही कुठल्या खड्ड्यात पडलेला नाही.

राहता राहिल्या फाडलेल्या मेंढ्या. त्या खोट्या नाहीत, नुकसानही खरं आहे. पण मोकाट कुत्री मेंढ्यांवर पडतात, ही ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. कुत्र्याला मालक असतो, मालक बहुधा शेजारीच असतो, आणि त्याच्याशी भांडण म्हणजे पिढ्यांचा अबोला. बिबट्यावर आळ घेतला की गावात सलोखा राहतो, वार्ताहराला मथळा मिळतो, खानावळीत पर्यटक येतात. एवढ्या उपयोगाचं जनावर नसलं तरी पाळावं लागतं. तेव्हा कॉर्नवॉलकरांना एवढीच विनंती: बिबट्या खुशाल मोकळा सोडा, कुत्री तेवढी बांधा.