९९९ रुपयांच्या कर्णास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. (नाव उपलब्ध नाही),
१६ टीबीचे दाते,
मु. पो. मोबाईलवरची जाहिरात.

विषय : आपण ९९९ रुपयांत पाठवलेल्या १६ टीबी एसएसडीची पोच देणेबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. पत्र असं चव्हाट्यावर लिहावं लागतंय, राग मानू नये. पार्सलवर आपला पत्ता म्हणून कुठल्याशा गोदामाचा अर्धा नंबर होता, बिलावर जीएसटी क्रमांकाच्या जागी नुसती रेघ होती आणि छापलेला फोन सुरगाण्यातून लागला नाही तो नाही, वणीला गेल्यावरही लागला नाही. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये म्हणतात. आपण तर ते पोलिसांनाही कळू नये इतकी काळजी घेतली आहे.

आधी माझी ओळख. मी सुरगाण्यात दाखल्यांचं दुकान चालवतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीएम किसानची केवायसी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीक विमा. लोक 'सेतू' म्हणतात, मीही म्हणू देतो. दुकानाचा कर्ता पुरुष म्हणजे २०१५ सालचा एक लॅपटॉप. चार जीबी रॅम, बॅटरी कधीच गेलेली, एक बिजागरी चिकटपट्टीने धरलेली, आणि पोटात एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून मी झाडून घेतो, उदबत्ती लावतो, समोरच्या टपरीवर चहा पिऊन येतो, तरी पडद्यावर ते वर्तुळ आपलं गरगर फिरतंच आहे. बाकावर बसलेल्या आजीबाई विचारतात, "का रं भाऊ, साहेब उठला का न्हाय अजून?"

दोष साहेबाचा नाही, चाकाचा आहे. ही डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्याआधी हेडने सरकायचं ते वेगळं. इकडचं तिकडचं विखुरलेलं वाचायचं झालं तर सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वाचनं होतात. आणि विंडोज उठताना मागते हजारो बारीक फायली. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने होतं. लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून लोक नवा घेतात. पुष्कळदा म्हातारी फक्त डिस्क झालेली असते.

गेल्या पावसाळ्यात ती टकटक वाजू लागली. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर नेहमीच्या निळ्याऐवजी पिवळी पाटी. 'करंट पेंडिंग सेक्टर' हा आकडा शून्य हवा, तो चढलेला. म्हणजे तबकडीवरच्या काही जागा वाचायला गेलं की डिस्क हात वर करते.

आता या डिस्कवर काय आहे ते आपल्यासारख्या थोर माणसाला सांगितलंच पाहिजे. २०१८ च्या मार्चमध्ये आमच्याकडची माणसं वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली, ते आपण टीव्हीवर पाहिलं असेल. कायदा विचारतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतास का? कागद दाखव. जात पडताळणीवाले विचारतात, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आण. मग कुणाच्या तरी आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर सापडतं, वाळवीने कडा खाल्लेलं, शाई तपकिरी झालेली, 'कोकणा' हा शब्द घडीवर नेमका फाटलेला. ते पान मी खिडकीच्या उजेडात धरून स्कॅन करतो. पुढच्या वर्षी नातवाला वसतिगृहासाठी तेच पान पुन्हा लागतं, तोवर मूळ रजिस्टर आणखी चार बोटं खाल्लेलं असतं. असे कागद या डिस्कवर आहेत. तेव्हा नवी डिस्क निवडणं हा आमच्याकडे हौसेचा मामला नव्हता.

मी आपला पाचशे जीबीच्या शोधात होतो. इतक्यात सीमेवरच्या पाड्यातला एक कॉलेजातला पोरगा आपलं पार्सल घेऊन दुकानात आला. त्याच्याकडे मोबाईलला गुजरातचा टॉवर लवकर सापडतो, पण आपली जाहिरात दोन्ही राज्यांत पोचते. पोरगा डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचं, पावरीवरच्या नाचांचं चित्रण करतो. मोबाईल भरला म्हणून त्याने ही डिस्क मागवली. म्हणाला, "दादा, तुम्ही पाचशे जीबीला रडता, हे बघा. सोळा टीबी. तुम्हालाबी मागवून देतो."

जोडली. विंडोजमध्ये खरंच पूर्ण सोळा टीबी दिसले, आणि मी मनोमन हात जोडले. मोठमोठ्या कंपन्यांना हे जमलेलं नाही. त्या हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने मोजते; म्हणून एक टीबी विकत घेतली की पडद्यावर ९३१ जीबी दिसतात आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. खऱ्या १६ टीबीच्या जागी साडेचौदाच दिसायला हवेत. आपण मात्र एक कणही कापला नाही. मापात पाप नाही ते असं.

आपला पराक्रम केवढा, याची आपल्याला स्वतःला कल्पना नसावी. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरं. तिथून निघून सॅमसंगने २०२० मध्ये लॅपटॉपात बसेल अशी ८ टीबीची एसएसडी बाजारात आणली, तिची किंमत ऐकून आमच्या तालुक्यात कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. आपण तिच्या दुप्पट जागा काडेपेटीएवढ्या डबीत भरलीत आणि वर डिलिव्हरी फुकट.

तरी मी पडलो कागदपत्रवाला. सही दिसली तरी शिक्का बघायची खोड. एच२टेस्टडब्ल्यू म्हणून एक जुनं जर्मन सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कवर स्वतःच्या फायली लिहितं आणि पुन्हा वाचून ताळा घेतं. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे, कामाला तेवढंच चोख. सगळी सोळा टीबी तपासायला गेलो असतो तर काय झालं असतं, त्याचा हिशेब चहाच्या बिलामागे मांडला : आपल्या डिस्कचा लिहिण्याचा वेग सेकंदाला वीस एमबी. सोळा टीबी भरायला आठ लाख सेकंद. म्हणजे सव्वानऊ दिवस, रात्रंदिवस, आणि तेही सुरगाण्याची वीज न जाता! माल परत करायची मुदत आपण सात दिवसांची ठेवलेली आहे. हे गणित पाहिल्यावर आपल्याविषयीचा माझा आदर दुणावला. चोर पुष्कळ पाहिले, भागाकार करणारा पहिलाच.

मी पहिले साठ जीबीच तपासायला सांगितले. लिहून-वाचून झाल्यावर निकाल आला : बत्तीस जीबीपर्यंत सगळं ठीक, पुढचं सगळं बाद.

मग पोराच्या परवानगीने डबी उघडली. स्क्रू नव्हतेच, पातीने कड उचकली की टोपण सुटलं. आत नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड, ते एका कार्ड रीडरमध्ये खोचलेलं, त्यावर पिवळट डिंकाचा गोळा, आणि शेजारी लोखंडाची एक चपटी पट्टी चिकटवलेली, हाताला वजन लागावं म्हणून. ती पट्टी पाहून मला खरोखर कौतुक वाटलं. फसवतानासुद्धा गिऱ्हाइकाला हलकं वाटू नये, ही आपुलकी हल्ली राहिली कुठे?

करामत आतल्या चिपमध्ये आहे. संगणकाने विचारलं, किती जागा? तर ती सोळा टीबी सांगते. तिला तसं पढवलेलं असतं. बत्तीस जीबी भरले की पुढची फाईल एक तर जुनीवर लिहिली जाते किंवा हवेत जाते. पण फायलींची यादी सुरुवातीलाच लिहिलेली असल्यामुळे नाव दिसतं, तारीख दिसते, आकार दिसतो. उघडायला गेलं की काही नाही. आमच्या पाड्यांवर हा प्रकार नवा नाही. इथे पावसाळ्यात समोरचं दिसेनासा पाऊस कोसळतो, उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात, आणि यादीत पाहावं तर घराला नळ आहे. नळ खरोखरच आहे हो. पाण्याचं तेवढं विचारू नये. आपलं काम पाहून मला वाटलं, आपण पाणीपुरवठा खात्यात उगाचच गेला नाहीत.

पण सगळा मान आपल्या एकट्यालाच देणं अन्यायाचं होईल. पदवीधर मंडळीही या विद्येत मागे नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्या काही हार्ड डिस्कांत कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक, म्हणजे एसएमआर, वापरत होत्या आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेलं नव्हतं. अशा डिस्कवर सलग लिहायला घेतलं की ती पुढे मान टाकते. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ या एसएसडीत नाव आणि खोकं तेच ठेवून आतली चिप टीएलसी जातीची होती ती संथ क्यूएलसी झाली, वेग घसरला. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मध्येही नाव तेच ठेवून चिप बदलली आणि वेग घसरला. फरक एवढाच की ते नाव लावून करतात, आणि पकडले गेले की निवेदन काढतात. आपण निवेदनाच्या कटकटीतून सर्वांनाच मोकळं केलं आहे.

आता मी शेवटी काय घेतलं ते सांगतो. धंद्यातल्या माणसाला बाजार माहीत असावा. एसटीने वणी-दिंडोरी करत नाशिकला गेलो. पहिल्या दुकानदाराने लॅपटॉपकडे बघून तोंड वाकडं केलं. म्हणाला, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हा डबा अकरा नंबरच्या विंडोजला पात्र नाही, नवाच घ्या. बोलला त्यात खोटं काही नव्हतं, फक्त माझ्या खिशाचा उल्लेख नव्हता. दुसऱ्याने सेकंदाला सात हजार एमबी वेगाची एनव्हीएमई एसएसडी पुढे केली. च्युइंगगमच्या पट्टीसारखी सुरेख दिसते, पण माझ्या लॅपटॉपात ती बसायची खाचच नाही. तिसऱ्याकडे साधी अडीच इंची साटा एसएसडी मिळाली, ५०० जीबी, टीएलसी, पाच वर्षं हमी. साटाची वाटच सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास संपते, तेव्हा त्याहून वेगवान काही घेणं म्हणजे घाटात रेसची गाडी. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड, ही सात. मधे प्लास्टिकची चौकट घातली की हलत नाही.

टिकण्याबद्दल लोक उगाच घाबरवतात. सॅमसंगच्या ८७० इव्हो ५०० जीबीला कंपनी ३०० टीबी लिखाणाची हमी देते. दिवसाला वीस जीबी लिहिलं तरी एक्केचाळीस वर्षं होतात. तोवर दर वर्षी उत्पन्नाचा दाखला मागण्याची पद्धत बंद झालेली असेल, अशी मी आशा करतो. एसएसडीला खरी भीती आहे ती अचानक वीज जाण्याची, आणि माझा लॅपटॉप मेलेल्या बॅटरीमुळे वायरीच्या जीवावर जगतो. म्हणून त्याच फेरीत बॅटरीही घेतली. दुकानदाराने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पैसे मात्र जास्त गेले. २०२३ मध्ये अशी डिस्क अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळायची. आता जगातल्या मेमरी चिपा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे निघाल्या आहेत; २०२५ च्या डिसेंबरात मायक्रॉनने तर 'क्रुशल' हा किरकोळ गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुठल्या तरी यंत्राला कविता लिहिता याव्यात म्हणून सुरगाण्यातल्या आजीबाईंचा दाखला महाग. आपल्यासारख्यांना हे दिवस सुगीचे आहेत.

जुन्या डिस्कवरून आधी नुसते कागदांचे फोल्डर काढले, मग विंडोज नव्याने टाकली. पिवळी पाटी लागलेल्या डिस्कची आख्खी नक्कल करत बसलं तर ती पहिल्या खराब जागेवरच अडून प्राण सोडू शकते. तीन पानं सोडून सगळं निघालं. त्या तिन्ही घरांना निरोप धाडला, रजिस्टर अजून जागेवर आहे तोवर पुन्हा घेऊन या. रिकामी झालेली डिस्क भंगारवाल्याने शंभर रुपयांना मागितली. दिली नाही. अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं आणि पासबुकं तिच्यावर होती, आणि खोडलेलं परत काढणारे आपले भाऊबंद कमी नाहीत. वेल्डिंगच्या दुकानात नेऊन घणाचा एक घाव घातला. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, आतून चुरा खळखळू लागला.

सबब, हिशेब पुढीलप्रमाणे. आपल्याकडून येणे : १६,००० जीबी. प्रत्यक्ष मिळाले : ३२ जीबी, पैकी कार्ड चालू स्थितीत; ते पोराने मोबाईलमध्ये घातलं असून त्यावर सध्या पावरी वाजत आहे. लोखंडी पट्टी : एक नग, वापरात नाही. बाकी येणे : १५,९६८ जीबी. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार पोराच्या नावाने नोंदवून पावती फाईलला लावली आहे. उरलेला माल कुरिअरने परवडत नसेल तर एसटी पार्सलने पाठवावा. बोरगावच्या स्टँडवर उतरवून ठेवलं तरी चालेल, मी घ्यायला येईन. पिशवी माझी आणतो.

आपला,
एक दाखलेवाला,
सुरगाणा, जि. नाशिक