डाव्या पायाला काम

हुबळीच्या गोकुळ रोडवर बिघडलेली वस्तू घेऊन गेलेला माणूस सहसा ती तशीच घरी आणत नाही. रस्ताच तसा आहे. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचं मुख्य कार्यालय याच रस्त्यावर, नवं बसस्थानक याच रस्त्यावर, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना, इंडस्ट्रियल इस्टेट आणि विमानतळसुद्धा. यांच्या मधल्या फटींत लेथवाले, वेल्डिंगवाले, पाटेवाले, रेडिएटरवाले. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढून सुरुवात केली, ते मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या घराण्याने 1941 साली हरिहरला लेथ बनवायला घेतले, आणि त्या लेथवर हात बसलेल्या माणसांची तिसरी पिढी आता या भागात नांदते आहे. मोडलेला दात, झिजलेला शाफ्ट, तुटलेला कान, काहीही दाखवा. समोरचा माणूस वस्तू हातात घेऊन उलटसुलट करतो आणि म्हणतो, ‘आक्कैति बिडरी.’ होईल हो, सोडा काळजी.

हे वाक्य ज्या एका वस्तूपुढे कुणी म्हणालं नाही, ती म्हणजे आमच्या काकांच्या जुन्या झेनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

मारुती झेन आपल्याकडे आली 1993 साली. पुढे तिच्यात थोड्या गाड्या ऑटोमॅटिकही निघाल्या, पुढचे तीनच गिअर असलेल्या. काकांनी त्यातलीच एक जुनी, एका हाताची, हौसेने घेतली होती, तीही स्वतःसाठी नव्हे, काकूसाठी. काकू पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली ती याच गाडीवर. डी मध्ये टाकायची आणि जायचं. सिद्धारूढ मठात, भाजीला, एकदा तर कुणाला न सांगता धारवाडला. क्लच नावाची वस्तू तिच्या आयुष्यात आलीच नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या सरकारलाही त्याची फिकीर नाही. दुचाकीच्या लायसनमध्ये ‘विना गिअर’ असा वेगळा वर्ग आहे. मोटारीला तसा भेद नाही. त्यामुळे काकूच्या लायसनप्रमाणे तिला जी गाडी चालवता येत होती, ती तिने जन्मात कधी चालवलेली नव्हती.

मग गाडी विचार करायला लागली. डी मध्ये टाकलं की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी क्षणभर ठरवायची, जावं की नको. हळूहळू तो क्षण लांबत गेला. एका मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, गिअरबॉक्स आम्ही उघडत नाही, आख्खा बदलतो. आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरी जुनी झेन आली असती. छोट्या मेस्त्रींनी खरं ते सांगितलं: उघडू, पण परत बसेल याची खात्री नाही.

यात मेस्त्रींचा दोष नाही. ऑटोमॅटिकच्या पोटात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये घट्ट असं काही नसतंच, असतं तेल. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे बंद डब्यात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. इंजिन एक फिरवतं, तो तेलाला भिरकावतो, ते तेल दुसऱ्याला फिरवतं. हर्मन फ्योटिंगर नावाच्या जर्मन माणसाने 1905 च्या सुमारास ही युक्ती काढली ती मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये क्लचचं पेडलच नसलेला गिअरबॉक्स मिळायला लागला आणि त्या देशाने आपला डावा पाय जवळपास पेन्शनीत काढला. तिथे आज कुणी ऑटोमॅटिक काढून हाताचा गिअर बसवला तर तो शौक समजतात. रविवार-रविवार गॅरेजमध्ये घालवून माणसं हे करतात. गोकुळ रोडवर कारण साधं आणि रोकडं आहे. हाताचा गिअरबॉक्स गुजरीत मिळतो, आणि तो उघडणारा माणूस दोनशे पावलांवर असतो.

काका परिवहन महामंडळाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचं उमेदीचं वय गेलं ते बसच्या गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालून. जुन्या बसमध्ये गिअर बदलताना क्लच दोनदा मारावा लागे, मधे न्यूट्रलवर आणून. डबल क्लच न मारणाऱ्या ड्रायव्हरचा खर्रर्र आवाज काका म्हणे डेपोच्या भिंतीपलीकडून ओळखत आणि नाव घेऊन शिवी देत. आता त्याच शहरात 2018 पासून धारवाडच्या रस्त्यावर ‘चिगरी’च्या वातानुकूलित व्होल्वो धावतात, त्यांना क्लच नाही. काका त्यात बसतात, आरामात बसतात, पण उतरताना ड्रायव्हरकडे असं बघतात की जणू त्याचं काहीतरी चोरीला गेलंय आणि त्याला अजून कळलेलं नाही.

तेव्हा काकांनी ठरवलं, घरीच करायचं. पोर्चमध्ये. सोबतीला एक ओळखीचा मेस्त्री, संध्याकाळी काम सुटल्यावर येणारा, मजुरीत गिरमिट आणि मिरची भजी धरून.

काकूला कुणी विचारलं नाही. तिला कळलं ते झोपाळा खाली उतरवला तेव्हा.

झेनचं इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या कुशीला चिकटलेला. गिअरबॉक्स काढला की इंजिनाचा एका बाजूचा आधार जातो. म्हणून ते वरून टांगून धरावं लागतं. पोर्चमध्ये वरून टांगायला जागा एकच होती, झोपाळ्याच्या कड्यांची. तिथे चेनपुली लागली आणि ज्या कड्यांवर काकू रोज दुपारी ‘तरुण भारत’ वाचत झुलायची, तिथे आता इंजिन लोंबकळायला लागलं. काकू पायरीवर बसून वाचायला लागली. बोलली काही नाही. पान मात्र जरा जोरात उलटायची.

तेल काढलं तेव्हा मी होतो. ऑटोमॅटिकचं तेल मुळात लाल, सरबतासारखं असतं. यातून निघालं ते तपकिरी. मेस्त्रीने त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि काकांपुढे धरलं. काकांनीही हुंगलं. दोघांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. जळका वास होता. आतल्या पट्ट्या संपल्या होत्या. त्या क्षणापासून काकांचा चेहरा निवळला. आपण एक धडधाकट गाडी बिघडवत नाही, याचा लेखी पुरावाच मिळाल्यासारखा.

काम वाटतं तेवढं सरळ नाही. नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही, त्याच्या मागोमाग सगळं सासर येतं. ऑटोमॅटिकला इंजिनाच्या मागे पातळ पत्र्याची चकती पुरते. हाताच्या गिअरला जड फ्लायव्हील लागतं, कारण क्लच प्लेट त्याच्यावर घासणार. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, दाबणारं बेअरिंग, फोर्क, केबल, पेडल, गिअरचा दांडा, त्याच्या सळया. चाकांकडे जाणारे शाफ्टही त्याच गाडीचे हवेत. रेडिएटरकडे तेल थंड करायला गेलेल्या नळ्या बंद करायच्या. काकांनी शहाणपणा केला तो एकच: सुटं सुटं न घेता एकाच अपघातग्रस्त झेनचं सगळं काढून आणलं. फ्लायव्हील मात्र थेट लावलं नाही. इस्टेटमधल्या लेथवर नेऊन त्याचं तोंड साफ करून घेतलं. लेथवर पितळी पट्टी होती, हरिहरची. तो माणूस म्हणाला, हा लेथ माझ्याहून म्हातारा आहे.

मला सगळ्यात मजा वाटली ती एका रबरी बुचाची. क्लचची केबल पायाकडून इंजिनाकडे न्यायची तर मधल्या पत्र्याला भोक लागणार, म्हणून काका ड्रिल घेऊन वाकले. गालिचा उचलला, तर तिथे भोक आधीच होतं, काळं रबरी बूच लावून बंद केलेलं. कंपनी दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकच बनवते. ज्याला क्लच नाही त्याचं भोक बुजवून टाकते. इतकी वर्षं काकू डावा पाय जिथे आरामात ठेवायची, त्याच्या समोरच, हातभरावर, क्लचची जागा राखून ठेवलेली होती. काकांनी बूच नखाने काढलं आणि खिशात टाकलं.

एक गोष्ट विजेची. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन मध्ये असल्याशिवाय स्टार्टरला करंट जात नाही, तसा स्विचच असतो. तो गिअरबॉक्ससोबत गेला, तेव्हा त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या. म्हणजे गाडी आता कुठल्याही गिअरमध्ये चालू होणार. ती झालीही. पहिल्या गिअरमध्ये होती, काकांचा पाय क्लचवर नव्हता, आणि गाडीने पोर्चमधून फाटकाच्या दिशेने एकच बेडकाची उडी मारली. कुंडी गेली. मेस्त्री हसला, काकू पायरीवरून म्हणाली, ‘अहो, ती विचार करायची ते बरं होतं.’

कायद्याचं काकांनी आधीच बघून ठेवलं होतं, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करू नये, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. काका म्हणाले, मी इंजिन बदललेलं नाही, सांगाडा बदललेला नाही, आणि याच गाडीला कंपनी स्वतः हा गिअरबॉक्स लावून विकत होती. तरी विमा कंपनीला आणि आरटीओला दोन पत्रं लिहून त्यांनी पोच घेतली. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस पोच घेतल्याशिवाय जेवत नाही. कुणी हे करणार असेल तर त्याने काकांचा युक्तिवाद उचलू नये, पत्रं उचलावीत.

याच दिवसांत शेजारच्या बंगल्यात नवीन गाडी आली, एएमटीची. आपल्याकडे 2014 साली सेलेरिओपासून हे प्रकरण सुरू झालं आणि आता गल्लीत दर तिसऱ्या घरी आहे. शेजाऱ्यांनी कौतुकाने बॉनेट उघडून दाखवलं. काका वाकून बराच वेळ बघत राहिले. गिअरबॉक्स साधाच, हाताचा, क्लचही तोच, फक्त दाबायला आणि गिअर पाडायला वर एक यंत्र बसवलेलं. म्हणजे क्लच गेलेला नाही, क्लच दाबायला गडी ठेवलाय. घरी येताना काका खुशीत होते. लोक गडी ठेवतायत आणि आपण निवृत्तीत स्वतःची कामं स्वतः करतोय, असा काहीतरी त्यांना त्यातून अर्थ लागला असावा. मला विचाराल तर सकाळी कोर्ट सर्कलला अडकलेल्या माणसाने गडी ठेवलेला बरा. पण हे मी तिथे बोललो नाही. गाडीत मलाच स्टेशनला सोडायचं होतं.

खरी परीक्षा काकूची. अर्धा क्लच म्हणजे काय हे शब्दांत सांगता येत नाही. काकांनी सांगितलं तरी. ‘हळू सोड, हळू, अगं हळू म्हणजे आणखी हळू,’ आणि गाडी आचके देऊन बंद. रस्त्यावरून जाणारी बस मागे थांबायची, हॉर्न वाजवायची, आणि काका खिडकीतून त्या ड्रायव्हरला कानडीत असं काही सांगायचे की हॉर्न थांबायचा. शेवटी काकूने काकांना गाडीतून उतरवलं आणि मेस्त्रीला बसवलं. मेस्त्रीने सांगितलं, अम्मा, पायाकडे बघू नका, बोनेटकडे बघा. क्लच धरायला लागला की नाक जरा वर उचलतं. तेवढं दिसलं की ब्रेक सोडायचा. अर्ध्या तासात काकूला नाक दिसायला लागलं.

चढावर शिकवायला उणकलच्या नृपतुंग बेट्टावर नेलं. काका मागच्या चाकाशी दगड घेऊन उभे. काकूने हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, नाक उचललं, ब्रेक सोडला आणि निघाली. ती वर जाऊन थांबलीच नाही, वळून दुसऱ्या बाजूने उतरली. काका दगड हातात घेऊन चालत खाली आले.

आता दोघं धारवाडला जातात तेव्हा काका चालवतात आणि काकू ऐकते. ऑटोमॅटिकच्या दिवसांत दोघांना गाडीत भांडायला विषय नव्हता. गिअर कुठला आहे हे दोघांनाही माहीत नसायचं. आता नवनगर आलं की काकू समोर बघत म्हणते, ‘तिसरा टाका हो, ओरडतंय ते.’ ज्या माणसाने डेपोच्या भिंतीपलीकडून ड्रायव्हर ओळखले, तो मुकाट्याने तिसरा टाकतो, कारण बरोबर असतं.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ फाटकात उभे राहिले. त्यांची जुनी सँट्रो, ऑटोमॅटिक, आता तीही विचार करायला लागली होती. ‘अण्णा, जमेल का ओ?’ काका चष्मा पुसत उठले, ‘आक्कैति’ एवढं तोंडातून निघालंही होतं. पोर्चमधून काकू झुलता झुलता म्हणाली, ‘कड्या मोकळ्या नाहीत म्हणावं.’