पेटीमामा

तारापूर एमआयडीसीत कारखाना केमिकलचा असो, कापडाचा असो की लोखंडाचा, तिथे एक पेटीमामा असतोच. त्याला कायद्यानेच जन्माला घातलंय. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 45 म्हणायचं की दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी हवी, ठरलेल्या वस्तूंखेरीज तीत काही नको, आणि ती प्रमाणपत्र घेतलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी. पेटी कामाच्या सगळ्या वेळेत हाताशी हवी असंही त्यात होतं, पण तेवढं मामांनी आजवर कुणाला वाचू दिलेलं नाही.

आमचे मामा सफाळ्याचे. ते डहाणू लोकलने येतात-जातात आणि पेटीची चावी त्यांच्या करगोट्याला बांधून अप-डाऊन करते. रात्रपाळीत बोट कापून घेणाऱ्याने सकाळच्या गाडीपर्यंत धीर धरायचा.

दिवसपाळीतही फार वेगळं नसतं.

"मामा, बोट कापलं. रक्त येतंय."

"येतंय की येऊन गेलं?"

"येतंय!"

"कालच पेटी पूर्ण केली रे," असं कळवळून म्हणत मामा आधी रजिस्टर काढतात. नाव, खातं, वेळ, जखमेची लांबी. तोवर निम्म्या जखमांचं रक्त आपोआप थांबतं, आणि बँडेजची मागणी चिकटपट्टीवर मिटते. एकदा अकाउंटवाल्या मॅडम ॲसिडिटीची गोळी मागायला आल्या, तर मामांनी त्यांना अख्खं कलम ऐकवलं. मग गोळी स्वतःच्या खिशातून काढून दिली. पेटीत ती ठेवायची नसते, एवढंच त्यांचं म्हणणं.

दर महिन्याला चष्मा कपाळावर चढवून ते एकेक तारीख वाचतात. भाजल्यावर लावायची ट्यूब न उघडताच एक्स्पायर झाली, की गडी दिवसभर खूश! म्हणजे कुणी भाजलं नाही. (खरेदी खात्याला हा आनंद कळत नाही, ते फक्त बिल बघतात.) 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, मामा एखाद्या धडधाकट हेल्परला डोक्यापासून कोपरापर्यंत गुंडाळून प्रात्यक्षिक देतात. टाळ्या झाल्या की तेच बँडेज मांडीवर घेऊन पुन्हा घट्ट वळून ठेवतात. पुढच्या वर्षीसाठी वेगळं, पेटीत नाही. तिथे त्यांची शिस्त कडक.

असा हा कंजूष माणूस ड्रममधून ॲसिड उडून एका पोराच्या हातावर पडलं तेव्हा मात्र पाहण्यासारखा होता. कुणी टूथपेस्ट आणायला धावलं, कुणी "मामा, मलम, मलम!" म्हणून ओरडलं. मामांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराला बखोटीला धरून सेफ्टी शॉवरखाली उभं केलं, शर्ट टराटरा फाडून काढला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात धुवत ठेवला. पोरगं थंडीने कुडकुडायला लागलं, सुपरवायझर "आता पुरे" म्हणाले, तर मामा त्यांच्यावरच खेकसले, "साहेब, गाडी काढा. तोवर पाणीच!"

पोराला दवाखान्यात पोचवून आल्यावर, ओल्या पँटने, मामा रजिस्टर घेऊन बसले. सगळी हकीगत लिहिली. वापरलेल्या साहित्याच्या रकान्यापाशी जरा थांबले, मग तिथे ठसठशीत अक्षरात ‘निरंक’ लिहून सही ठोकली.