बिनशिक्क्याचे ज्ञान

परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता न देणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५च्या नियमांचे स्वागत असो. मान्यताप्राप्त देशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी वर्गातल्या पदवीच्या तोडीची, हे आयोगाने २०२२ मध्येच सांगून टाकले होते. पण अटलांटाच्या जॉर्जिया टेकची संगणकशास्त्रातली मास्टर्स? घरी बसून केलेली, आणि प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ असा उल्लेखसुद्धा नाही! पासपोर्टवर शिक्का न पडता घरात शिरलेले ज्ञान म्हणजे उघड तस्करीच. यापुढे परदेशी लेखकांची पुस्तकेही विमानतळावरच वाचावीत आणि कस्टम्सची पावती जोडावी. समकक्षतेचा अर्ज घेऊन मात्र कोणी दिल्लीला धावू नये. तो आयोगाच्या पोर्टलवर, घरी बसूनच भरायचा आहे.