रूळ लाकडाचे, सरपण लाकडाचं, ओझंही लाकडाचंच!

सभ्य आगगाडी कशी असते? एका गावाहून निघते, दुसऱ्या गावाला पोचते. पण १८७७ नंतर अमेरिकेत, मिशिगनच्या पाइनच्या जंगलात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! स्टेशन नाही, तिकीट नाही, गावाचा पत्ता नाही. गाडी थेट रानात घुसायची, तिथली झाडं संपली की रूळ उखडायचे आणि पलीकडच्या रानात नवा संसार! जनाची नाही ती नाहीच, मनाचीही नाही.

या थेराला सुरुवात केली विन्फील्ड स्कॉट गेरिशनं. तिशीही गाठली नव्हती, आणि गेला १८७६ साली फिलाडेल्फियाचं प्रदर्शन बघायला. माणसं अशा ठिकाणी चार वस्तू बघतात, फार तर एखादी किटली घेऊन येतात. याच्या डोळ्यांत भरलं बाल्डविन कंपनीचं इंजिन! परत येऊन भागीदार पटवले आणि क्लेअर काउंटीत लेक जॉर्जपासून मस्केगन नदीपर्यंत सात मैल रूळ टाकून मोकळा.

बाकीच्या लाकूडवाल्यांचं कसं सगळं रीतीनं चालायचं. हिवाळ्यात झाडं पाडायची. रात्री पाण्याची टाकी घसरगाडीवर चढवून वाट शिंपायची, म्हणजे सकाळी बर्फाच्या गुळगुळीत चाकोऱ्या तयार. मग घोड्यांनी ओंडके नदीकाठी ओढायचे आणि वसंतात पाणी चढलं की सोडून द्यायचे. वाटेवरची लीद काढायलाही माणूस ठेवलेला, कारण घसरगाडी तिच्यावर अडायची. एवढी उस्तवार!

आणि १८७७-७८ चा हिवाळा निघाला दगाबाज. नको तेवढा उबदार. बर्फाच्या भरवशावर बसलेले बसूनच राहिले आणि गेरिशसाहेबांची गाडी नदीवर खेपा घालतेय! पोटात दुखणार नाही तर काय? १८८२ पर्यंत मिशिगनमध्ये असल्या ३२ रेल्वे झाल्या, आणखी पाच वर्षांत ८९. ज्याच्याकडे रूळ नाहीत तो लाकूडवालाच नव्हे!

पण खरा मसाला पुढेच आहे. मिशिगनमधल्याच कॅडिलॅक गावाजवळ एफ्रम शे नावाचे एक लाकूडवाले गृहस्थ होते. त्यांनी रूळ टाकले ते मेपलच्या लाकडाचे. आधी घोडे जुंपले, तर उतारावर भरलेली गाडी मागून घोड्यांच्याच अंगावर यायची. नेहमीचं इंजिन आणावं, तर त्याच्या वजनानं लाकडी रुळांची वाट लागणार. मग या पठ्ठ्यानं साध्या सपाट वाघिणीवर बॉयलर ठेवला आणि स्वतःच इंजिन जुळवलं. म्हणजे बघा, लाकडी रुळांवरून, लाकूड जाळत, लाकूड आणायचं. घरचंच कार्य!

आणि त्या इंजिनाचं रूप! उभे सिलिंडर सगळे उजव्या अंगाला, तोल सावरायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. उजवीकडूनच लांबलचक दांडा फिरतोय आणि त्यावरच्या दातेरी चक्रांनी एकूण एक आस चालतोय. वाकडी वळणं, चढ, ओबडधोबड रूळ, कशालाही नाही म्हणून म्हणायचं नाही. वेग बेताचा, आवाज मात्र मेलगाडीचा. शे यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलं आणि ओहायोतल्या लायमा गावच्या कारखान्यानं १९४५ पर्यंत अशी २,७०० हून अधिक इंजिनं बनवली. रूपावर कोणी जात नाही हो, काम बघतात.

कामही असं केलं की विचारू नका. पूर्वी उन्हाळ्यात तोड मंदावायची, ती बारमाही झाली. नदीपासून दूर म्हणून वाचलेला पाइन गेला. मेपल, बीच ही जड झाडं पाण्यात बुडतात, एवढ्याच पुण्याईवर उभी होती. आगगाडीत कसली बुडतात? तीही गेली. मग कित्येक लाकूडवाल्यांनी खुंटांनी भरलेल्या जमिनींचा कर भरणंच सोडलं आणि त्या आपसूक सरकारच्या गळ्यात पडल्या. मलई यांची, टोप सरकारनं घासायचा! आज मिशिगनमधल्या हार्टविक पाइन्स उद्यानात त्या जुन्या पाइनचं ४९ एकर रान शिल्लक आहे, आणि लोक ते मान वर करकरून बघतात.

शे यांचं पुढे काय झालं म्हणता? ते हार्बर स्प्रिंग्जला राहायला गेले. नाताळात गावच्या पोरांना शेकडो घसरगाड्या स्वतः करून वाटल्या, याबद्दल गाव अजून नाव काढतं. स्वतःसाठी षट्कोनी घर बांधलं. आणि साऱ्या रानाचं लाकूड ज्यांच्या इंजिनानं ओढून काढलं, त्यांच्या त्या घराच्या भिंती कशानं मढवल्या होत्या माहीत आहे? पोलादी पत्र्यानं! बाहेरून, आणि आतूनसुद्धा!